थाओ साहेबांचं अक्षर

प्रांताची राजधानी, ९ नोव्हेंबर

निंग,

तुझा पत्ता तुझ्या मैत्रिणीनं, वन च्याओनं दिला. तिच्यावर रागावू नकोस. ती द्यायला तयारच नव्हती. मी तिच्या ऑफिसच्या पायरीवर जाऊन बसले, येणारे-जाणारे बघायला लागले, तेव्हा बिचारीनं लाजेखातर लिहून दिला. माझा फोन नेलाय, म्हणून कागदावर लिहितेय. हे पत्र वाटेत कुणी उघडलंच, तर त्यांनाही नमस्कार. त्यांना यातलं सगळं आधीच ठाऊक आहे.

तुला बातमी कळली असेल. नसेल कळली तर सांगते, तुझ्या बाबांना नेलं. सप्टेंबर महिन्यात.

त्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखी भाताची पेज खाऊन पूरनियंत्रणाच्या बैठकीला गेले. दुपारी मी शेंगा निवडत बसले होते, टीव्ही चालू होता. निवेदिका म्हणाली, 'प्रांताचे उपप्रमुख थाओ चंगशू यांनी शिस्तीचा व कायद्याचा गंभीर भंग केल्याच्या संशयावरून त्यांची चौकशी सुरू आहे.' एवढं एक वाक्य, आणि लगेच हवामान. मी उरलेल्या शेंगा निवडून टाकल्या. दुसरं काय करावं ते सुचेना.

संध्याकाळी ड्रायव्हर दारात आला. आत यायला तयार नव्हता. "बाई, साहेबांचा चहाचा थर्मास गाडीत राहिला होता," म्हणाला. थर्मास उंबऱ्यावर ठेवला आणि जिन्यानं उतरून गेला, लिफ्टची वाटसुद्धा न बघता. त्यानंतर ह्या इमारतीतलं कुणीही माझ्याशी बोललेलं नाही. चोंग सेक्रेटरी, जो तुझ्या बाबांच्या छत्रीची मूठसुद्धा पुसून द्यायचा, त्याचा फोन लागत नाही. नंतर कळलं, तोही आतच आहे आणि भरभरून बोलतोय.

घराची झडती झाली. माणसं सभ्य होती, पायात पिशव्या घालून आली. दागिने वगैरे फारसं काही नव्हतंच. त्यांना हवं होतं ते अभ्यासिकेत होतं. कुंचले, शाई घोटायचे दगड, कागदाचे ताव, तुझ्या बाबांनी मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या गुंडाळ्या. एका तरुण बाईनं गुंडाळी उलगडली आणि मला विचारलं, "यावर काय लिहिलंय?"

"'डोंगर उंच, पाणी लांब'," मी म्हटलं.

"छान आहे," ती म्हणाली. मग तिचा वरिष्ठ तिच्याकडे बघायला लागला आणि तिनं जीभ चावली. बघ, ह्या घरात पाय ठेवला की माणसाच्या तोंडून तो शब्द आपोआप निघायचा.

मलाही एकदा विचारपूस करायला बोलावलं होतं. चहा दिला, परत सोडलं. मी ठीक आहे. तू काळजी करू नकोस. तू करतेस असं मी धरून चाललेले नाही, पण लिहायची रीत असते.

आई


म्याओथान, १७ मार्च

निंग,

राजधानीतलं घर सील झालं. मी म्याओथानला तुझ्या मावशीकडे आले आहे. तिचं भातशेवयांचं दुकान अजून चालतं. स्टेशनवर मला घ्यायला आली ती पहिलं वाक्य हेच म्हणाली, "ये. पण दुकानात पुढे बसू नकोस. मागे भाजी चिर." मी भाजी चिरते.

तुला म्याओथान आठवत नसेल. आपण इथून निघालो तेव्हा तू कडेवर होतीस. मी इथल्या दवाखान्यात औषधी मुळ्या तोलून पुड्या बांधायची, आणि तुझे बाबा शेतकी खात्यात कारकून होते. त्यांच्याकडे बुटांची एकच जोडी होती, तीही चिखलाची. तेव्हा नदीवर पूल नव्हता. पलीकडच्या वाड्यांवरची मुलं बांबूच्या तराफ्यावरून शाळेला यायची. एकदा पुरात तराफा उलटला. कोण वाचलं, कोण नाही, ते लिहीत नाही. तुझे बाबा त्या दिवशी नदीत उतरले होते. घरी आले ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "स्युलान, मी वर जाणार. वर गेल्याशिवाय इथे पूल होत नाही."

आणि खरंच वर गेले. तालुक्याचे प्रमुख झाले तेव्हा वय इतकं कमी होतं की बाहेरगावचे पाहुणे त्यांनाच विचारायचे, "तुमचे साहेब कुठे आहेत?" पूल बांधायला घेतला तेव्हा ते मजुरांच्या तंबूत झोपायचे. एकदा सिमेंटची गोणी घेऊन नदीत पडले. पूल झाला, सगळे म्हणाले, साहेब, पुलाला नाव द्या, तुमच्या हातानं लिहून द्या. ते म्हणाले, "पुलाला नाव कशाला? दोन टोकं असली की झालं." हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. लग्न केलं त्या माणसावर माझा खरा जीव जडला तो त्या दिवशी, असं म्हटलं तरी चालेल.

नंतर ते जिल्ह्याचे पक्षसचिव झाले, म्हणजे जिल्ह्यातले सगळ्यात मोठे साहेब. जिल्ह्याच्या नव्या बस स्टेशनसाठी पाटी हवी होती. चोंग म्हणाला, "साहेब, आपणच लिहा ना. आपल्या अक्षरात जोर आहे." त्यांनी लिहिलं. झालं, सुरुवात तिथे झाली. मग शाळेचं फाटक, चहाचा कारखाना, हॉटेल, स्मशानाची कमानसुद्धा. शेवटी म्याओथानच्या पुलावरही आलं: 'महापराक्रम म्याओथान पूल', आणि खाली लाल शिक्क्यात थाओ चंगशू.

परवा मी पुलावरून भाजी आणायला गेले तर दोन मजूर दोरानं टांगलेल्या फळीवर बसून तेच खरडत होते.

"आजी, बाजूनं चला, धूळ पडेल," एक म्हणाला.

"काय करताय?"

"साहेब गेला, आता त्याचं अक्षर काढायचं. वरून हुकूम आहे." मग दुसऱ्याला म्हणाला, "कुणी खोदलं रे हे इतकं खोल? याच्याहून खोल गेल्याशिवाय पुसलं जायचं नाही हे."

दुसरा म्हणाला, "सगळ्या जिल्ह्यात खरडायचंय. पावसाळ्यापर्यंत काम पुरेल. देवासारखा माणूस!" आणि दोघं हसले. मला राग आला नाही. मी कोबी घेऊन परत आले.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. इथून डोंगरावर जाणारा नवा रस्ता फाननं बांधला होता. फान कंत्राटदार तुला आठवेलच. दुसऱ्याच पावसाळ्यात त्या रस्त्याचा कठडा आणि अर्धा रस्ता खाली गेला. त्याबरोबर एक भाजीचा ट्रक गेला. ड्रायव्हर होता डंग होंगक्वी. त्याची आई मावशीच्या मागच्या गल्लीत राहते. मी आल्याचं कळल्यावर ती दुकानात आली. मावशी घाबरली. म्हातारीनं शेवया मागवल्या, सगळ्या खाल्ल्या, मग आत मागच्या बाजूला येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"तू थाओची बायको ना?"

"हो."

"तुझ्या नवऱ्यानं पूल बांधला म्हणून माझा पोरगा शाळा शिकला. आणि त्याच्याच रस्त्यावरून खाली गेला. आता मी त्याला शिव्या घालू का आशीर्वाद देऊ, ते तूच सांग. मला तर ठरवता येत नाही."

मी सुरी उचलून पुन्हा कोबी चिरायला लागले. ती माझ्या हाताकडे बघून म्हणाली, "कोबी फार जाड चिरतेस," आणि गेली.

आई


म्याओथान, २१ सप्टेंबर

निंग,

तुझं कार्ड आलं. पुढे समुद्र, मागे एकच शब्द, 'मिळालं'. मावशीनं ते गल्ल्यामागे चिकटवलं आहे. गिऱ्हाईक विचारतात, हे कुठलं गाव? ती सांगते, "माझी भाची राहते तिथे, परदेशात, पोर्तोला. तिथले लोक रोज मासे खातात." बाकी काही सांगत नाही.

खटला जवळ आला आहे. बाबांसाठी वकील लावली आहे, मू बाई. तरुण आहे, फार भराभर बोलते. ती इथवर आली होती. तिच्या बोलण्यातून मला जे समजलं ते तुला सांगते.

फाननं सगळं सांगून टाकलंय. राजधानीत 'ढगांची सावली' नावाचं चित्रांचं दुकान होतं. तिथे तुझ्या बाबांची अक्षरं विकायला ठेवलेली असायची. ज्याला रस्ता हवा, बोगदा हवा, जमीन हवी, तो तिथे जाऊन एक गुंडाळी विकत घ्यायचा. बाबांच्या हातात कुणी कधी पाकीट दिलं नाही. त्यांचा स्वतःचा समज असा की आपण कुणाकडून काही घेतलं नाही, आपण फक्त लिहिलं आणि लोकांनी हौसेनं घेतलं. दुकान माझ्या नावावर होतं, हे तुला पेपरातून कळलंच असेल.

मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं की विचारपूस झाली, चहा दिला, सोडलं. चहा दिला हे खरं आहे. सोडलं तेही खरं, पण बऱ्याच दिवसांनी. अजूनही माझ्यावर खटला भरायचा की नाही, ते ठरलेलं नाही.

मू बाई म्हणते, वाचायचा एकच मार्ग आहे. जर तुझ्या बाबांचं अक्षर खरोखर कलेच्या मोलाचं असेल, तर ती विक्री ठरते, लाच नाही. म्हणजे सगळी नाही तरी बरीचशी. शिक्षा अर्ध्यावर येईल. आणि दुकान माझं, विक्री खरी, तर माझ्यावरचंही जातं. कोर्टानं बाहेरच्या प्रांतातून अक्षरकलेचे जाणकार बोलावलेत. त्यांचं मत काय येईल ते येवो. पण बचावाच्या बाजूनं कुणीतरी उभं राहून सांगायला हवं की हे अक्षर चांगलं होतं, आणि लोकांना ते मनापासून आवडायचं.

"फान म्हणेल का?" मी विचारलं.

"फान आता म्हणतोय की त्याला ते बघून मळमळायचं," मू बाई म्हणाली. "बाई, तुम्ही याल? कायद्यानं तुमच्यावर सक्ती नाही. पण तुम्ही रोज जवळून बघितलंय."

मला तेव्हा बाबांच्या अक्षरांच्या प्रदर्शनानंतरच्या जेवणाचा तो दिवस आठवला. तुलाही तोच आठवत असणार. गोल टेबल, वाफाळता मासा, फानचा लाल चेहरा. तो म्हणत होता, "थाओ साहेबांची गुंडाळी मी माझ्या ऑफिसात टांगलीय. रोज सकाळी आधी तिच्यासमोर उभा राहतो, मगच चहा पितो." आणि तू एकदम गोड आवाजात म्हणालीस, "फान काका, काय लिहिलंय हो त्यावर?"

तो हसला. म्हणाला, "अगं, फार खोल अर्थ आहे."

"पण शब्द कोणते?"

सगळे चॉपस्टिक खाली ठेवून बघायला लागले. फानला एक शब्द वाचता आलेला नव्हता. तू वाट बघत राहिलीस. तुला तुझ्या बाबांनी "बाहेर जा" म्हटलं, आणि तू बाहेर गेलीस ती पार पोर्तोपर्यंत गेलीस. मी तेव्हा उठून तुझ्यामागे आले नाही. मासा निवत होता, पाहुणे बसले होते. मी फानच्या ताटलीत माशाच्या गालाचा, मानाचा तुकडा वाढला.

मी मू बाईला सांगितलं, येईन.

आई


जिल्ह्याचं शहर, १२ जानेवारी

निंग,

खटला झाला. निकाल अजून यायचा आहे. पण कोर्टात जे झालं ते मला तुला आजच सांगायचंय. लॉजमध्ये बसून लिहितेय. शेजारच्या खोलीत कुणीतरी मोठ्यानं पत्ते खेळतंय.

तुझे बाबा आले ते मला ओळखू आले नाहीत. केस काळे करायचे हे मलाही विसरायला झालं होतं. आता सगळे पांढरे. बाह्या लांब असलेलं जाकीट घातलं होतं. आले, बसले, माझ्याकडे बघितलं नाही.

सकाळभर आरोप वाचले. त्यांनी प्रत्येक आरोपाला "हो" म्हटलं, शाळेतल्या हजेरीसारखं. मग जाणकारांचा अहवाल वाचला. वाचणारा तरुण होता, स्पष्ट वाचत होता. 'रेषेवर ताबा नाही. शाई दाखवण्याचा सोस. अक्षरांचा सांगाडा नवशिक्याचा. कागदाच्या किमतीपलीकडे मोल नाही.' मी बाबांकडे बघत होते. बाकी आरोप ऐकताना त्यांचा चेहरा कोरा होता. हे ऐकताना मात्र कान लाल झाले.

मग मू बाई उठली. म्हणाली, कलेचं मोल कागदावर ठरत नाही, माणसांच्या आवडीवर ठरतं. आणि मला बोलावलं. मी पुढे जाऊन उभी राहिले.

"तुमच्या पतीचं अक्षर तुम्ही किती वर्षं बघताय?"

"लग्नाआधीपासून."

"ते चांगलं आहे का?"

"चांगलं आहे," मी म्हटलं. आवाज ठीक निघाला.

"आणि जे घेऊन जायचे त्यांना ते आवडायचं?"

"हो. मनापासून आवडायचं."

खुर्ची घासल्याचा आवाज आला. तुझे बाबा उभे राहिले होते. पोलिसानं खांद्यावर हात ठेवून खाली दाबलं, ते पुन्हा उठले. न्यायाधीश बाई म्हणाल्या, "आरोपीनं परवानगीशिवाय बोलू नये."

"मग परवानगी द्या," ते म्हणाले.

न्यायाधीश बाईंनी जरा विचार केला आणि मान हलवली.

मी त्यांचे शब्द जसे आठवतात तसे लिहिते. ते म्हणाले, "ती खोटं बोलतेय. माझ्यासाठी खोटं बोलायची तिला सवय लागलीय, ती सवय मीच लावली. माझं अक्षर चांगलं नाही. म्याओथानला शेतकी खात्यात कारकून होतो, तेव्हा आमचा मुख्य कारकून म्हणायचा, 'थाओ, तू तोंडीच सांग बाबा, तुझं लिहिलेलं वाचवत नाही.' मी जिल्ह्याचा सचिव झालो त्या वर्षी माझं अक्षर सुंदर झालं. प्रांतात आलो तेव्हा थोर झालं. हात तोच होता."

मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीश बाईंनी वर बघितल्यावर थांबलं.

"लोक कशाचे पैसे मोजतायत ते त्यांना माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. सुरुवातीला थोडे दिवस माहीत नव्हतं, किंवा माहीत नाही असं मला वाटत होतं. नंतर होतं. तेव्हा ही विक्री नाही. लाच आहे, तसंच लिहून घ्या. दुकान बायकोच्या नावावर मी टाकलं, सही करायला मी लावलं. तिला काही ठाऊक नव्हतं."

एवढं बोलून ते बसले. मू बाईनं पेन खाली ठेवलं. मला कुणीतरी म्हणालं, तुम्ही जागेवर जा. मी गेले.

तिला काही ठाऊक नव्हतं, हे एक वाक्य सोडलं तर बाकी सगळं खरं होतं. ते वाक्य ऐकताना मी मान खाली घातली. न्यायाधीश बाई माझ्याकडे बघत होत्या की नाही ते मला कळलं नाही.

शेवटी आरोपीला चार शब्द बोलू देतात. बहुतेक लोक रडतात, आईबापांची, पक्षाची, जनतेची क्षमा मागतात. त्यांच्याजवळ लिहिलेला कागद होता, पण तो त्यांनी उघडलाच नाही. म्हणाले, "डोंगरावरच्या रस्त्याची पाहणी न करता मी सही केली, कारण फानला दुखवायचं नव्हतं. डंग होंगक्वी त्या रस्त्यावर गेला. तो बावीसचा होता." बस. पूर्ण नाव घेतलं. मला ठाऊकच नव्हतं की त्यांना ते नाव माहीत आहे.

बाहेर आल्यावर मू बाई माझ्यावर भडकली. "बाई, इतक्या महिन्यांची माझी मेहनत तुमच्या नवऱ्यानं दोन मिनिटांत धुऊन टाकली! मी त्यांना चार-चारदा बजावलं होतं, गप्प बसा."

"ते आयुष्यभर सांगितलेलं ऐकत आले," मी म्हटलं. "आज ऐकलं नाही."

"आणि तुम्हाला त्याचा आनंद होतोय?"

मी तिला नमस्कार करून निघाले. लॉजवर येताना मी भाजलेलं रताळं विकत घेतलं आणि रस्त्यात उभ्या-उभ्या सगळं खाल्लं. कित्येक महिन्यांत मला अशी भूक लागली नव्हती. तू काय म्हणशील ते म्हण.

आई


म्याओथान, ६ जून

निंग,

तेरा वर्षांची शिक्षा झाली. माझ्यावर खटला होणार नाही, असं लेखी आलंय. दुकानातून आलेलं सगळं जमा करून घेतलं, राजधानीतलं घरही गेलं. माझं दवाखान्याचं निवृत्तिवेतन चालू आहे.

मी डंगच्या म्हातारीकडे गेले होते. कोर्टात काय झालं ते तिला सांगितलं, तिच्या मुलाचं नाव घेतलं हेही. ती ऐकून म्हणाली, "नाव घेतलं होय? बरं." मग बराच वेळ मुगाच्या शेंगा सोलत बसली. मीही सोलल्या. जाताना मला म्हणाली, "शिव्याच घालीन. पण हळू आवाजात."

मावशी गेले महिनाभर एकच धोशा लावून बसली आहे. "स्युलान, घटस्फोट घे. आत गेलेल्या सगळ्या साहेबांच्या बायकांनी घेतलाय. तू अडकून काय करणार? तेरा वर्षं! बाहेर येईल तोवर तुला दात राहणार नाहीत." काल तर तिनं माझे कागद एका पिशवीत नीट घालून हातात दिले आणि म्हणाली, "भेट घेऊन ये, आणि येताना तसंच नोंदणी ऑफिसात जा. एकाच बसच्या वाटेवर आहे." मला तिचं म्हणणं पटलं होतं. खरंच पटलं होतं. पिशवी घेऊन निघाले.

भेट काचेतून असते. फोन उचलून बोलायचं. तुझे बाबा आत आले, डोकं भादरलेलं. बारीक झालेत, पण तब्येत बरी वाटली. मी फोन उचलला आणि विचारून टाकलं, "कोर्टात उठायची काय गरज होती? अर्धी शिक्षा झाली असती."

"तू 'चांगलं' म्हणालीस तिथपर्यंत मी बसून होतो," ते म्हणाले. "'मनापासून' म्हणालीस ते ऐकवेना."

"मी तुझ्यासाठी बोलत होते."

"माहितीये. म्हणूनच ऐकवेना."

 एवढ्या लांब जाऊन गप्प बसायचं तर कशाला जायचं, असं वाटून मी म्हटलं, "खरं सांगू का थाओ? वाईट होतं. बस स्टेशनवरची ती पाटी तर पाण्यातून काढलेल्या कोंबडीसारखी दिसायची. मी तिथून बस घ्यायची टाळायचे."

त्यांनी आधी माझ्याकडे टक लावून पाहिलं. आणि मग हसायला लागले. इतके हसले की मागचा पहारेकरी पुढे आला. त्यांनी हातानंच त्याला सांगितलं, काही नाही, काही नाही. मलाही हसू आवरेना. शेजारच्या काचेपाशी एक बाई रडत होती, ती थांबून आमच्याकडे बघायला लागली.

हसू ओसरल्यावर डोळे पुसत म्हणाले, "मग मीही सांगू?"

"सांग."

"तुझं डुकराचं कालवण. लाल रश्शाचं. फार गोड असतं."

"काय?"

"साखर जास्त. पहिल्यापासून. आपल्या लग्नाच्या वर्षापासून."

"मग दोन-दोन वाट्या ओरपायचास तो?"

"तू समोर बसून बघायचीस ना!"

मी म्हटलं, माझी आई तेवढीच साखर घालायची, माझी आजी तेवढीच घालायची, आख्ख्या म्याओथानमध्ये कालवणात तेवढीच साखर पडते. तुमच्या डोंगरावर खायला मिळत नव्हतं म्हणून तुम्हाला चव नाही. ते म्हणाले, म्याओथानमध्ये नाही, फक्त तुमच्या गल्लीत. मी आणखी पुष्कळ बोलले, पण वेळ संपली होती आणि फोन मधेच बंद झालेला होता, हे माझ्या लक्षातच आलं नाही. काचेपलीकडून ते हातवारे करत होते की ऐकू येत नाही.

त्याआधी त्यांनी तुझ्याबद्दल विचारलं. "तिला मी विचारलं हे सांगू नकोस," असंही म्हणाले. म्हणून सांगतेय.

बसमध्ये मी तणतणत होते. एवढी वर्षं! नोंदणी ऑफिसचा थांबा आला आणि गेला. मी पिशवी मांडीवर धरून बसून राहिले. मावशीला काय सांगायचं याचा विचार मी करून ठेवला होता. घरी आल्यावर तिनं विचारलं तेव्हा म्हटलं, "पुढच्या महिन्यात बघू. मला अजून त्याच्याशी भांडायचंय." ती म्हणाली, "तू पण त्याच्याबरोबर खुळी झालीस." असेन. इतकी वर्षं ज्याच्या पानावर मी नुसतं 'छान' वाढत आले, तो माणूस आता माझ्याशी भांडतो, आणि त्याला मधेच उठून कुठल्या बैठकीला जायचं नसतं.

तू यावंस असं मी म्हणणार नाही. तुझा राग तुझा आहे आणि तो चुकीचा नव्हता. आलीस तर महिन्यातून एकदा भेट मिळते, रक्ताच्या नात्यातल्यांना आत सोडतात, ओळखपत्र लागतं. बरोबर काही आणू नकोस, आत नेऊ देत नाहीत. माझ्यासाठीही काही नको.

एवढंच कर. तू हे कालवण दात आल्यापासून खाल्लंयस, आणि तोंडावर खरं बोलणारी आपल्या घरात तूच होतीस. आता खरं सांग. गोड असतं का?

आई